काळी झाल्यावरच तोडा : रासबेरीच्या एका हंगामाच्या नोंदी

१२ जानेवारी २०२५, भिलार

हंगाम सुरू व्हायच्या आधी महाबळेश्वर तालुक्यातल्या आमच्या शेताची स्थिती लिहून ठेवते. मे महिन्यात ताडून बघायला उपयोगी पडेल.

रासबेरी आमच्या बांधाला आबांच्या लहानपणापासून आहे. आजी तिला गौरीफळ म्हणायची. ती विकायची वस्तू आहे असं घरात कुणाच्या डोक्यात नव्हतं. पोरांनी आणि पाखरांनी खायची, एवढंच. विकायला स्ट्रॉबेरी. दादाने २०२३ च्या पावसाळ्यात बांधावरच्याच झुडपांचे लोंबते शेंडे मातीत दाबले, त्यांना मुळ्या फुटल्यावर कापून वेगळे केले आणि उताराकडच्या दहा गुंठ्यांत गादीवाफे करून ओळी लावल्या. वाफे उंच ठेवले, कारण या झाडाला मुळाशी पाणी साचलेलं अजिबात चालत नाही आणि आपल्याकडे पावसाळा म्हणजे नुसतं कोसळणं. गेल्या वर्षी थोडं फळ आलं. यंदा सगळ्या ओळींत दुसऱ्या वर्षाच्या फांद्या आहेत, म्हणजे पहिला पूर्ण हंगाम हाच.

फांद्या तारेवर बांधून झाल्या आहेत. मोकळ्या सोडल्या तर कमान करून पुन्हा जमिनीला टेकतात आणि तिथेच रुजतात. काटे आकड्यासारखे वाकडे, त्यामुळे एकदा जाळं झालं की आत शिरता येत नाही. गव्यांसाठी वरच्या बाजूला कुंपणाची तार नवी ओढली.

मुंबईतल्या ओळखीच्या लोकांना 'काळी रासबेरी' म्हटलं की ते अमेरिकेतली समजतात. ती वेगळी. तिचं शास्त्रीय नाव रुबस ऑक्सिडेन्टॅलिस, मूळची उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागातली. ओरेगॉन राज्यात तिची मोठी लागवड आहे, तीही बहुतेक मुंगर नावाच्या जुन्या जातीची. माल यंत्राने झाडून घेतात आणि तो गोठवायला, रसाला जातो. त्या झाडाला हिवाळ्यात शेकडो तास कडक थंडी मिळाली नाही तर डोळे नीट फुटत नाहीत. भिलारची थंडी आपल्याला झोंबते, पण त्या झाडाच्या हिशेबात ती फार कमी. आपली आहे रुबस निव्हियस, सह्याद्रीत आपोआप वाढणारी. तिला तेवढी थंडी लागत नाही, म्हणून फ्लोरिडात लोक तीच 'मैसूर रासबेरी' म्हणून परसात लावतात. गॅलापागोस बेटांवर मात्र तिने एवढे हातपाय पसरले की ती उपद्रवी ठरली आणि उपटून काढावी लागते. इथे ती घरची आहे. तरी ओळींच्या बाहेर रुजलेलं रोप दिसलं की काढायचं, असं दादाशी ठरलं.

दोघींमध्ये एक गोष्ट सारखी : देठाशी असलेला पांढरा गाभा झाडावर राहतो आणि फळ आतून पोकळ होऊन हातात येतं. ब्लॅकबेरीत गाभा फळाबरोबरच येतो. ही पोकळी म्हणजे आमच्या कामातली खरी अडचण. फळाला आतून आधार नाही, थोडा दाब पडला की बसतं.

२ फेब्रुवारी, भिलार

फुलं चांगली आहेत. लहान, गडद गुलाबी, पाकळ्या पूर्ण उघडतच नाहीत, पण माशा येतात. सातेरी मधमाशीच्या दोन पेट्या ओळींच्या टोकाला ठेवल्या. मधमाशीसाठी हा तालुका राज्यात नावाजलेला. मांघर तर मधाचं गाव म्हणून जाहीर झालेलं. तेव्हा पेट्या मिळायला आणि समजावून सांगणारा माणूस मिळायला अडचण नाही.

माशीचं काम फळात दिसतं. रासबेरीचं एक फळ म्हणजे पुष्कळ बारीक मण्यांचा गुच्छ, आणि प्रत्येक मणी स्वतंत्रपणे फळावा लागतो. परागीभवन अर्धवट झालं तर मणी विरळ राहतात आणि तोडताना फळ बोटात सुटं होऊन पडतं. बाजारात ते 'नाजूक' म्हणून खपवतात. ते नाजूक नाही, अर्धवट आहे.

फुलोऱ्यात कसलीही फवारणी नाही. भुरी, म्हणजे पानांवरची पांढरी बुरशी, दिसली तर खालची दाट पानं काढून हवा मोकळी करायची.

१५ फेब्रुवारी, मुंबई

सकाळी क्रॉफर्ड मार्केट. १८६९ सालची ही इमारत, आणि अजूनही शहरातल्या श्रीमंत फळांचा रस्ता इथूनच जातो. आज तीन गाळ्यांवर बोलले. विलायती लाल रासबेरी सव्वाशे ग्रॅमच्या पनेटमध्ये (लहान डबीत), ब्लूबेरी, तुती, महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी थरावर थर. काळी रासबेरी कुठेच नाही. म्हटलं, आम्ही आणू. तिघांचं उत्तर एकच : 'लाल असताना तोडून पाठवा.'

कारण ते देतात ते खोटं नाही. लाल फळ टणक असतं, प्रवास सोसतं, दोन दिवस गाळ्यावर उभं राहतं. एकाने तर सांगितलं, 'ताई, इथे येईपर्यंत ती आपोआप काळी होते, गिऱ्हाइकाला काय कळतंय?'

मला हे वाक्य दिवसभर टोचत राहिलं. रंग येत असेल तर गोडीही येते का? घरी येऊन दादाला फोन केला. तो म्हणाला, 'करून बघू की. मीटर आहेच स्ट्रॉबेरीचा.'

२८ फेब्रुवारी, भिलार

पहिली फळं पिकली. प्रयोग केला, तोही नीट लिहून.

एकाच ओळीतून तीन डब्या तोडल्या : पूर्ण लाल, लालसर जांभळी आणि पूर्ण काळी. काळ्या फळावर बारीक पांढरट लव असते आणि नुसतं बोट लावलं तरी ते गाभ्यावरून सुटतं. लाल फळ ओढावं लागतं, कधी कधी देठासकट येतं.

ब्रिक्स मीटरवर, म्हणजे रसातली गोडी मोजणाऱ्या मीटरवर, लाल ७ च्या आसपास, जांभळी ९, काळी ११ ते १२. तिन्ही डब्या फ्रिजमध्ये ठेवल्या. दोन दिवसांनी पुन्हा बघायचं.

२ मार्च, भिलार

लाल फळं खरोखर काळसर झाली. शेजारी शेजारी ठेवली तर नवख्या माणसाला फरक ओळखता येणार नाही. पण मीटर तिथेच, सातावर. चाखल्यावर जीभ आंबली आणि मागे तुरट चव राहिली.

हे असंच व्हायला हवं होतं. आंबा, केळी, चिकू झाडावरून उतरवल्यावर पिकतात, कारण त्यांच्यात साठवलेल्या पिष्टाची साखर होत राहते. रासबेरीत तसा साठा नाही. झाडावरून सुटली की साखर येणं बंद. रंग मात्र येत राहतो. म्हणजे लाल तोडलेली रासबेरी मुंबईत काळी दिसते आणि आंबट लागते, आणि खाणारा समजतो की फळच आंबट आहे. पुन्हा तो घेणार नाही. सगळा हंगाम असा चालवला तर दोन वर्षांत या फळाचं मुंबईत नावही कुणी काढणार नाही.

वहिनी बाजूलाच उभी होती. ती म्हणाली, 'वन्सं, आपण पोरांना लाल खाऊ देत न्हाई, दात आंबतात म्हणून. मग लोकांस्नी का द्यायची?'

शिपाई बुलबुलही लाल फळाला चोच लावत नाहीत. सकाळी ओळीत गेले की फक्त काळी टोकरलेली दिसतात. जाळी लावायला हवी.

ठरलं : काळी झाल्यावरच तोडायची. बाकी सगळं, म्हणजे वेळ, डबी, गाडी, गिऱ्हाईक, या एका गोष्टीभोवती बसवायचं.

९ मार्च, भिलार

आज दिवस पॅकिंगवर गेला. हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, म्हणून सविस्तर.

काळी रासबेरी झाडावरून उतरल्यावर तिच्यातली उष्णता जितकी लवकर काढू तितकी ती टिकते. शून्य ते एक अंश आणि दमट हवा ही तिची जागा. आमचं स्वतःचं शीतगृह नाही, आणि बांधायचं म्हटलं तरी २००१ पासून हा सगळा टापू पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे, परवानग्यांना वेळ लागतो. ते योग्यच आहे; नाहीतर एव्हाना पठारावर फक्त हॉटेलं उरली असती. शेजारच्या स्ट्रॉबेरीवाल्या काकांच्या शीतखोलीत एक कोपरा भाड्याने मिळाला. मार्चनंतर त्यांचा माल कमी होत जातो, त्यामुळे त्यांनाही बरं.

क्रम असा : दव वाळलं की तोडणी सुरू, ऊन चढायच्या आत बंद. साडेसहा-सात ते साडेदहा. तोडलेलं फळ थेट डबीत, पुन्हा उलथायचं नाही, निवडायचं नाही. जे नको ते तोडतानाच दुसऱ्या भांड्यात. ही सवय बायांना लावावी लागली, कारण स्ट्रॉबेरी क्रेटमध्ये गोळा करून मग प्रतवारी करतात. इथे प्रत्येक हाताळणी म्हणजे एक जखम. डबी सव्वाशे ग्रॅमची, तळाला भोकं, आत टिपकागद, फळांचे फार तर दोन थर. फळ इतकं लहान की एका डबीत शंभराच्या आसपास बसतात. एक बाई तासाला किलोभर तोडते, त्याहून घाई केली की बोटं काळी होतात, आणि बोटं काळी म्हणजे फळ फुटलं.

धुवायचं नाही. पाणी लागलं की राखाडी बुरशी धरते, आणि एका फळाची डबीभर होते.

तोडणी ते शीतखोली, तासाभराच्या आत. दुपारभर फळ थंड होतं. संध्याकाळी थर्माकोलच्या पेटीत बर्फाच्या जेल पॅकसह. पॅक फळाला टेकायला नको, मध्ये पुठ्ठा.

१४ मार्च, भिलार

धूळवड, तोडणी बंद. काळी झालेली फळं उद्या जामच्या भांड्यात.

१९ मार्च, भिलार. २० मार्च, मुंबई

पहिली खेप.

स्ट्रॉबेरीची पिकअप रोज संध्याकाळी गावातून निघते आणि पहाटे वाशीच्या फळबाजारात पोचते. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण त्याच्या कितीतरी आधीपासून ही रात्रीची वाट चालू आहे : पाचगणी, पसरणी घाट, वाई, सुरूर, मग महामार्ग, खंबाटकीचा बोगदा, पुणे, द्रुतगती मार्ग, पनवेल. सुमारे अडीचशे किलोमीटर. रासबेरीने ही वाट स्वतः पाडायची म्हटली असती तर परवडलीच नसती. स्ट्रॉबेरीने घातलेल्या वाटेवर ती दोन पेट्यांची जागा मागते आहे.

पहाटे साडेचारला वाशीत पेट्या उतरवून घेतल्या, स्कूटरवर चेंबूर. घरी उघडल्या. वरच्या डब्या उत्तम, लवसुद्धा जागच्या जागी. खालच्या रांगेतल्या दहा-बारा डब्यांत तळाचा थर बसला होता, टिपकागद जांभळा. ड्रायव्हरदादांशी बोलले. ते म्हणाले, 'मागं ठेवलेल्या ना ताई, मागं लई हादरतं. केबिनच्या मागं लागून ठेवत जावा.' पुढच्या खेपेपासून पेटी केबिनला लागून, खाली फोमची पट्टी आणि पेटीत डब्यांचे तीनच मजले.

दुसरी गोष्ट मुंबईच्या हवेची. इथे मार्च-एप्रिलमध्ये कुठलीही गार वस्तू बाहेर काढली की तिला घाम फुटतो. दोन अंशांची डबी चेंबूरच्या हवेत उघडली की मिनिटात फळावर पाणी. तेव्हा पेटी ज्या घरी द्यायची तिथल्या दारातच उघडायची. आणि घेणाऱ्याला सांगायचं : डबी बंद ठेवूनच फ्रिजमध्ये ठेवा, खायच्या आधी धुवा, दुसऱ्या दिवशीच्या आत संपवा.

फुटलेल्या डब्यांतलं फळ गोठवलं.

३० मार्च, मुंबई

गुढीपाडवा. सोमवार, बुधवार, शुक्रवार तोडणी. मंगळवार, गुरुवार, शनिवार सकाळी वाटप. आता ही घडी बसली आहे. चेंबूर, शीव, माटुंगा, दादर. तिथल्या गिऱ्हाइकांचे गट आधी नाव नोंदवतात, मी आदल्या रात्री दादाला आकडा कळवते, आणि तो तेवढंच तोडतो. उरलेलं काळं फळ जामला.

दुकानात ठेवून गिऱ्हाइकाची वाट बघायची, हे या फळाला शक्य नाही. गिऱ्हाईक आधी, तोडणी नंतर. लोकांना हे नवीन आहे. 'आज संध्याकाळी मिळेल का?' 'नाही, परवा सकाळी.' सुरुवातीला थोडे नाराज होतात. एकदा खाल्ली की परवापर्यंत थांबतात.

मुंबईत रासबेरी म्हटलं की जुन्या लोकांना आधी लाल सोडा आठवतो. पालनजींची रासबेरी, इराणी हॉटेलातली, पारशी लग्नातली. दादरच्या पारशी कॉलनीतल्या एका आजींनी डबी उघडली आणि विचारलं, ही काळी कशी? मी म्हटलं, एक खाऊन बघा. त्यांनी तिथेच दारात पाच-सहा खाल्ल्या आणि त्यांच्या बहिणीसाठी गुरुवारची डबी सांगितली. मला त्या सोड्याबद्दल मनापासून प्रेम आहे, लहानपणी दर सुट्टीत तो प्यायले आहे. पण फळाची चव त्यात शोधायला जाऊ नये. आमच्या फळाला आधी गोडी लागते, मग मागून जांभळासारखा किंचित तुरट गंध येतो, आणि दाताखाली बारीक बिया. बिया काहींना आवडत नाहीत. त्यांना आधीच सांगायचं.

८ एप्रिल, मुंबई

वांद्र्यातल्या एका बेकरीच्या मुख्य आचाऱ्याचा फोन. चाखून बघितलेली होती, आवडलेली होती. त्यांना रोज ठरावीक पाच किलो हवी, एकाच आकाराची, मेअखेरपर्यंत खात्रीने. नाही म्हटलं. झाड रोज पाच किलो देत नाही; गरम आठवडा आला की एकदम लोटतं, ढगाळ असलं की थांबतं. त्यांना गोठवलेलं फळ सुचवलं. गोठवलेली रासबेरी सुटी राहिली तर त्यांच्या कामाला ताज्याइतकीच चालते. ताटात एक थर पसरून आधी गोठवायची, मग पिशवीत भरायची. एकदम पिशवीत भरली तर एकच गोळा होतो. नमुना पाठवते म्हटलं.

भिलारमध्येही ऊन तापलं आहे. तोडणी साडेनवालाच थांबवावी लागते.

१५ एप्रिल, भिलार

जाम.

वहिनी हे काम माझ्यापेक्षा चांगलं करते, तेव्हा भट्टी तिची, वही माझी. किलोभर फळाला पाऊण किलो साखर आणि दोन लिंबांचा रस. या फळात पेक्टिन (जाम घट्ट करणारा घटक) बेताचं, लिंबाच्या आंबटपणाशिवाय जाम धरत नाही. निम्मा लगदा चाळणीतून काढून बिया कमी करतो, सगळ्या काढत नाही.

किती आटवायचं यावरून आमचा मुंबई-भिलार फरक निघाला. चेंबूरच्या स्वयंपाकघरात जाम १०४ ते १०५ अंशांना तयार होतो, कारण तिथे पाणी शंभरला उकळतं. भिलार समुद्रसपाटीपासून बाराशे मीटरच्या वर. इथे पाणी ९६ च्या आसपासच उकळतं, म्हणून जाम शंभरालाच होतो. इथे १०५ गाठायला गेलं तर जाम फार आटून गोळी होते. वहिनीला थर्मामीटरची गरज नव्हती, ती थंड बशीवर थेंब टाकून बोटाने रेघ ओढते. पण बाटलीवर विकायचं तर मीटरही लागतो : जाममध्ये विरघळलेले घटक किमान ६५ टक्के असावेत, हा एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा, नियम. मीटर ६६ दाखवतो.

त्याच नियमात आणखी एक आकडा आहे. जाममध्ये फळ किमान ४५ टक्के हवं, पण स्ट्रॉबेरी आणि रासबेरीला सूट देऊन ते २५ टक्के ठेवलं आहे. म्हणजे पाव भाग फळ घालून बाकी साखरेवर भागवलं तरी ती बाटली कायद्याने रासबेरी जामच. आमच्या प्रमाणात तयार जाममध्ये फळ सत्तर टक्क्यांच्या वर भरतं. बाटलीवर हा आकडा मोठ्या अक्षरांत छापायचा. घेणाऱ्याला तुलना करता आली पाहिजे. ताजं फळ शेतकऱ्याने विकायला परवाना लागत नाही, जामला नोंदणी लागते. ती वहिनीच्या नावाने घेतली, कारण काम तिचं आहे.

२७ एप्रिल, भिलार

हिशेब आणि वाद, दोन्ही आज.

व्यापारी बांधावर येऊन गेला होता. लाल तोडून दिली तर अडीचशे रुपये किलो, रोख, असेल तेवढा माल. दादा म्हणाला, 'आगं, गरमीत तीस-तीस किलो फळ येतंय एका तोड्याला. तुझी मुंबई घेती बारा. बाकीच्याचं काय करायचं?'

प्रश्न रास्त आहे. म्हणून वहीवर मांडलं. बारा किलोची एक खेप म्हणजे ९६ डब्या. त्यातल्या सरासरी आठ बाद. ८८ डब्या, १३० रुपयांनी, ११,४४० रुपये. खर्च : चार बायांची अर्ध्या दिवसाची मजुरी १,२००, डब्या ५७६, पिकअप ३००, जेल पॅक आणि पेट्यांची झीज २५०, मुंबईतलं वाटप डबीला १५ प्रमाणे १,३२०. एकूण ३,६४६. हातात ७,७९४, म्हणजे तोडलेल्या किलोला साडेसहाशेच्या जवळ. लाल विकली तर तोडणी वजा जाता किलोला दीडशे. तीस किलोचे साडेचार हजार. म्हणजे आपले बारा किलो काळे, त्याच्या तीस किलो लालपेक्षा जास्त देतात, आणि वर अठरा किलो जामला, गोठवणीला शिल्लक. या हिशेबात वर्षभराची छाटणी, खत, ठिबक आणि दादा-वहिनींचे स्वतःचे कष्ट धरलेले नाहीत. ते धरले तरी फरकाची दिशा बदलत नाही.

आबा इतका वेळ ऐकत होते. ते म्हणाले, 'जाम विकायला वर्ष आहे. व्यापाऱ्याला उद्याच पाहिजे.' एवढ्यावर दादा गप्प झाला. पटलं की दमला ते कळलं नाही, पण व्यापाऱ्याला 'नाही' म्हणून कळवलं.

मजुरीबद्दल माझं म्हणणं मी मांडलं आणि ते मान्य झालं : काळी तोडणं हे जास्त जबाबदारीचं काम आहे. या हाताच्या कौशल्यावर १३० रुपयांची डबी उभी आहे. तेव्हा अर्ध्या दिवसाचे ३०० वरून ३५० करायचे. खेपेला दोनशे वाढतात. डबी महाग करायची नाही.

६ मे, मुंबई

उकाडा. शनिवारच्या वाटपात दादरच्या तीन घरांतून तक्रार, फळ मऊ. पेटीत जेल पॅक वाढवले, आणि वाटप सकाळी नऊच्या आत आटपायचं ठरवलं. ज्या तीन घरांत मऊ गेली त्यांना पुढची डबी पैसे न घेता दिली.

२० मे, भिलार

पाऊस. वळवाची सर नाही, सलग. अरबी समुद्रात काहीतरी तयार होतंय असं बातम्यांत आहे. काळी फळं फांदीवरच पाणी पिऊन फुगली, मीटर ८ वर आला. राखाडी बुरशी उद्या-परवा दिसेल. नावं नोंदवलेल्या सगळ्यांना कळवलं की या आठवड्यात डबी नाही. ८ ब्रिक्सचं फळ पाठवायचं नाही, मग ते कितीही काळं असो.

सरींच्या मधल्या उघडिपीत जेवढं हाती लागलं ते वहिनीच्या भट्टीला. जाम जास्त वेळ आटवावा लागतोय.

२६ मे, मुंबई

मुंबईत आज मान्सून जाहीर झाला. नेहमीची तारीख ११ जून. हंगाम संपला, धरलं होतं त्यापेक्षा दोन आठवडे आधी. शेवटच्या दोन-तीन खेपा गेल्या. गोठवलेलं फळ बेकरीला आवडलं, तेवढा आधार.

८ जून, भिलार

ज्या फांद्यांनी यंदा फळ दिलं त्या आता वाळत जाणार, त्यांचं काम झालं. त्या जमिनीलगत कापल्या. नवे फुटवे कमरेपेक्षा उंच गेलेत. त्यांचे शेंडे खुडले, म्हणजे बाजूच्या फांद्या फुटतील आणि पुढच्या वर्षीचं फळ त्यांवर येईल. एका झुडपाला पाच-सहा जाड फुटवे ठेवून बाकी काढले. दादा कापत होता, मी ओढून बाहेर काढत होते. चामड्याचे हातमोजे असूनही मनगटं ओरबाडली.

पुढच्या वर्षासाठी ठरलेल्या गोष्टी. लागवड वाढवायची नाही. आधी मुंबईतली बारा किलोची मागणी वीसवर न्यायची, मगच नवी ओळ. त्यासाठी मुलुंड-ठाण्याच्या बाजूला गट जमवायचे, कारण वाशीहून ऐरोलीमार्गे मुलुंड पहाटे जवळ पडतं. चार ओळींवर पावसासाठी प्लास्टिकचं छप्पर करून बघायचं, बांबूचं, सुटं, काढून ठेवता येईल असं. मेमध्ये यंदासारखा पाऊस आला तर निदान तेवढ्या ओळी वाचतील. ब्रिक्स मीटर दुसरा घ्यायचा, एक शेतात तोडणाऱ्या बायांच्या हाती राहील. त्यातल्या दोघींनी तो बघायला शिकून घेतला आहे आणि त्या आता मलाच सांगतात, कुठली ओळ अजून दोन दिवस थांबवायची.

जामच्या बाटल्या शिल्लक आहेत, दिवाळीपर्यंत पुरतील. कापलेल्या काटेरी फांद्या वरच्या कुंपणाला लावून रचल्या आहेत. गव्यांची वाट तिथूनच येते.